जावईबापूंचा आगाऊ सत्कार

देवगड सोडताना हेरंब साटमनं आपला एकुलता एक स्वेटर मावसभावाला देऊन टाकला. नुसता दिला नाही, वर भाषणही ठोकलं.

"अरे, मराठवाड्यात चाललोय मी! तिथे उन्हाने माणसं पापडासारखी वाळतात. स्वेटर घालून काय करू? न्यायचाच तर टेबलफॅन नेईन!"

आणि खरंच नेला! दिवाळी उरकून हा गृहस्थ धाराशिव जिल्ह्यात, अणदूरला, सासुरवाडीच्या दारात उतरला तो बगलेत टेबलफॅन मारून.

झालं होतं असं, की त्याची बायको वर्षाराणी मूळची अणदूरची. तिला माहेरजवळच्याच शाळेत नोकरी लागली. हेरंबचं काम म्हणजे मांडीवर लॅपटॉप घेऊन पुण्यातल्या कंपनीशी बोलत राहणं. ते काय, मांडी असेल तिथं होतं. तेव्हा भाड्याचं घर मिळेपर्यंत दोघांनी सासऱ्यांच्या माडीवर मुक्काम ठोकायचा, असं ठरलं.

सासरे बलभीमराव अंगानं धिप्पाड आणि बोलायला कंजूष. जावयाच्या बगलेतला पंखा त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळला.

"जावाईबापू, ह्ये कशाला?"

"उकाड्याला, मामा!"

"बरं," मामा म्हणाले. एवढंच.

डिसेंबर लागला तशी एका सकाळी हवा पालटली. मामा अंगणात कानाला मफलर गुंडाळून शेकोटीला बसले होते. हेरंब नेहमीसारखा बनियनवर बाहेर आला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. शहाण्या माणसानं तिथंच शेकोटी गाठली असती. पण मामांनी विचारलं, "थंडी वाजती का?" आणि जावयाच्या तोंडून निघून गेलं, "छे, छे! ही कसली थंडी? आम्ही समुद्राची माणसं. आमचं रक्तच खारट. त्याला गारठा लागत नाही!"

मामा पुन्हा "बरं" म्हणाले. मग घराकडं तोंड करून त्यांनी बायकोला, म्हणजे दगडाबाईंना, हाक मारली. "आगं, जावाईबापूंची वाकळ काढून ठिव पेटीत. त्यांना थंडी वाजत न्हाय."

एका वाक्यात माणसाचं पांघरूण गेलं!

तिथून पुढं हेरंबचे जे हाल झाले ते कुत्र्यानंही खाल्ले नसते. एके दिवशी खोबरेल तेल बाटलीत गोठून दगड झालं. देवगडच्या माणसानं जन्मात असलं काही पाहिलं नव्हतं. तो भेसळीची तक्रार घेऊन तावातावानं दुकानात गेला, तर दुकानदारानं एक शब्द न बोलता बाटली उन्हात ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला साबण दिला. पायांची कातडी अशी उलली, की नखानं त्यावर सही करता यावी. कंपनीच्या मीटिंगा तो कॅमेरा बंद करून, गरम झालेला लॅपटॉप पोटाशी धरून ऐकायचा. आणि पहाटे उठून सगळ्या घराचा चहा तोच करायला लागला, कारण गॅसजवळ जरा ऊब असते. दगडाबाईंना याचा इतका गहिवर आला, की त्यांनी गावभर सांगितलं, "आमचे जावाई सोन्यासारखे. रोज च्या करून पाजतेत!" गावातल्या पुरुषांनी तेव्हापासून हेरंबकडं जरा संशयानंच बघायला सुरुवात केली.

"कबूल करून टाक ना," वर्षाराणी म्हणायची. एरवी ती नवऱ्याला नावानं हाक मारी, आईवडिलांसमोर मात्र अहो-जाहो. "सांग, की थंडी वाजते. आबा काय खाणारेत तुला?"

"नाही! आता मागे हटणं नाही. कोकणची अब्रू आहे!"

अशा थरथरत्या अब्रूवर येळवस आली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी घरात माणूस दिसेल तर शपथ! दुकानं बंद, रस्ते ओस, सगळा गाव रानात. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते, हरभरा घाट्यांना आलेला असतो, आणि प्रत्येक शेतात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील यांच्या पंगती उठतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी हाताला धरून नेतं.

या येळवशीत दगडाबाईंचा जीव अडकला होता. बलभीमराव आणि त्यांचे चुलतभाऊ गोरोबा यांचे बांधाला बांध. लहानपणी एका ताटात जेवलेले हे दोघं बांधावरच्या एका बाभळीवरून भांडले, ते बोलणंच टाकलं. पुढं ती बाभूळ वादळात पडली, सरपण होऊन चुलीत गेली, तिची राखही भांडी घासून संपली. भांडण तेवढं हिरवंगार राहिलं. दर येळवशीला दोघं आपापल्या शेतात एकमेकांकडं पाठ करून जेवायला बसत.

"जावाईबापू, तुमी जावा," दगडाबाई हेरंबला म्हणाल्या होत्या. "आमच्यातलं कुणी गेलं तर दार लावून घेतील. नव्या पाव्हण्याला न्हाय म्हणणार न्हाईत. एकदा का दोघं एका पंगतीला बसले ना, म्या देवाला दुसरं काय बी मागणार न्हाय."

हेरंब गेला. आणि गोरोबा, काय आश्चर्य, हो म्हणाले! "जावाई दारात आल्यावर न्हाय कसं म्हणावं? येतो म्हणून सांगा वैनीला." दगडाबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. बलभीमरावांनी त्या संध्याकाळी जावयाच्या पाठीवर एक थाप मारली. हेरंबला वाटलं, चला, आपण इथं उपयोगाला आलो! त्या पोरसवदा आनंदात त्याला दोन घटका थंडीही वाजली नाही.

येळवशीच्या आदल्या संध्याकाळी वर्षाराणी त्याला सगळं समजावून सांगत होती. "उद्या पहिल्या येळवशीला जावयाचा मोठा मान असतो बरं का..." इथवर हेरंबनं ऐकलं. पुढं तिनं कोप, म्हणजे कडब्याची खोपी, कशी उभारतात, पूजा कशी करतात, काय करायचं, काय नाही, असं पुष्कळ सांगितलं. पण तोवर तिच्या वाकळीत डोकं खुपसून साहेब घोरायला लागले होते. दिवसभर कुडकुडलेला माणूस ऊब मिळाली की असाच पडतो.

सकाळी बलभीमराव अंधारातच रानात गेले. बायकामाणसं स्वयंपाक घेऊन मागून टेंपोनं येणार होती. हेरंब स्कूटरवर धपाट्यांचं गाठोडं घेऊन एकटाच निघाला, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. शेतात पोचला तेव्हा त्याची बोटं स्कूटरच्या मुठीला चिकटलेली होती आणि दात आपापसात बोलत होते. मामा दिसेनात. ते पूजेचं पाणी आणायला लांबच्या विहिरीवर गेले होते.

आणि समोर बघतो तर काय! ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, वरून बांधून एक छोटीशी खोपी केलेली. तिच्यावर हिरव्या काठाची, लालभडक, जाडजूड, लोकरीची कोरी शाल. पुढ्यात नारळ, विड्याची पानं, हळदकुंकू.

शाल आणि नारळ! हेरंबच्या गोठलेल्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आता तुम्हीच सांगा, शाल आणि श्रीफळ महाराष्ट्रात कशाला लागतं? ग्रंथालयाचं उद्घाटन असो, नाहीतर तलाठ्याची बदली, शाल-श्रीफळ म्हणजे सत्कार! आणि आज मान कुणाचा? जावयाचा! सरळ हिशेब होता.

"बिचारे मामा," तो मनात म्हणाला. "बोलत नाहीत, पण मनात केवढं ठेवतात! दंव लागू नये म्हणून शाल कडब्यावर घालून ठेवली."

तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक सदऱ्याच्या बाहीतून शिरून दुसऱ्या बाहीतून बाहेर पडली. हेरंबनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आपल्याच सत्काराची शाल आपण जरा आधी पांघरली, तर बिघडलं काय? पगाराचा अ‍ॅडव्हान्स घेतात तसं! मात्र वरून पांघरून चालणार नव्हतं. मामांनी पाहिलं असतं तर समुद्राचं खारट रक्त तिथंच आटलं असतं. तेव्हा त्यानं सदरा वर केला, शाल लांबट घडी करून पोटाभोवती वेढ्यावर वेढे देऊन गच्च आवळली, टोक पॅन्टीत खोचलं आणि सदरा खाली ओढला. अहाहा! कित्येक दिवसांनी त्याचं पोट माणसांत आलं. जरा ऊब घेऊ आणि मामांची चाहूल लागली की परत ठेवू, असा बेत होता.

मामांची चाहूल लागली ती पाठीमागूनच.

"जावाईबापू, शाल कुठं हाय?"

"क-कसली शाल?"

"कोपीवरची! लक्ष्मीची!" मामांच्या हातातली घागर हिंदकळली. "आत पांडव हायेत, लक्ष्मी हाय. तिला वर्षाचं नवं वस्त्र असतंय ते! ती उघडी राहिली तर रान रुसतंय!"

हेरंबनं खोपीत डोकावून बघितलं. आत खरोखरच चुना लावलेले पाच दगड ओळीनं बसले होते आणि त्याच्याकडंच बघत होते. त्यानं सदरा गुपचूप आणखी खाली ओढला.

"वाऱ्यानं... उडाली असेल, मामा!"

झालं. दोघांनी रान पालथं घातलं. शाल शोधायला सगळ्यांत पुढं कोण, तर हेरंब! मामांपासून लांब जाऊन ती सोडावी म्हणून तो ज्वारीत घुसला, तर मामाही मागोमाग. "तिकडं जनावर असतंय. पाव्हण्याला एकटं कसं सोडू?" शेवटी त्यानं करंगळी दाखवली. तरी मामा आले आणि पाठ करून, हातात तांब्या घेऊन, अदबीनं उभे राहिले! जावयाचा मान म्हणतात तो हाच असावा.

टेंपो आला. दगडाबाईंनी उघडी कोप बघितली आणि डोक्यावरचं आंबिलीचं मडकं उतरवायचंही त्यांना सुचेना. "आजच्या दिवशी? आजच?" एवढंच त्या म्हणाल्या. वर्षाराणीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवरा आभाळाकडं बघत होता.

आणि आभाळात ऊन चढत होतं. मराठवाड्याच्या हवेची हीच तर खोड आहे. सकाळी दात वाजवते आणि दुपारी घाम काढते! सगळ्यांनी मफलर सोडले, स्वेटर काढले. हेरंबच्या पोटावर मात्र लोकरीचे वेढे. घामाच्या धारा कपाळावरून नाकावर, नाकावरून सदऱ्यावर.

"आगं बाई, जावयाला ताप भरला की!" दगडाबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. "अंग कसं फणफणलंय! हिव हाय ह्ये. घोंगडी आणा!"

"नको, मामी! मला काही—"

घोंगडी आली. एक खालून, एक वरून. मग उतारा म्हणून आंबील पाजली. एक तांब्या, मग आग्रहाचा दुसरा. आंबिलीनं पोट फुगलं, शाल आणखी आवळली आणि हेरंबचे डोळे बाहेर आले.

"पोट बी फुगलंय की," बलभीमराव चिंतेनं म्हणाले. "धोंड्यागत लागतंय."

अशा वेळी बांध ओलांडून गोरोबा आले. बायकोला घेऊन, नवं धोतर नेसून. आणि हातावर काय? हिरव्या काठाची, लालभडक, जाडजूड, लोकरीची शाल! लक्ष्मीची शाल घेतली होती, नळदुर्गच्या त्याच दुकानातली.

बलभीमराव उठून उभे राहिले. "आणली का शाल?"

"व्हय, आणली की," गोरोबा हसून म्हणाले.

"अन् हसतूस वर? लाज न्हाय वाटत?"

"लाज कशाची? मोठ्या मनानं आलो म्या!"

"लक्ष्मीच्या अंगावरचं वस्त्र काढून न्यायचं, अन् तेच मोठ्या मनानं परत आणायचं? बाभळीचा सूड असा घ्यायचा व्हय रं, गोऱ्या?"

गोरोबांच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. त्यांनी उघडी कोप पाहिली आणि आपल्या हातातली शाल पाहिली. "दादा," ते म्हणाले, "ही म्या तुझ्या अंगावर घालायला आणली हुती. आज मिटवायचं म्हणून. तू मला चोर म्हणलास?" त्यांनी शाल तिथंच ढेकळांवर टाकली, बायकोला म्हणाले, "चल!" आणि पाठ फिरवली.

दगडाबाई मटकन खाली बसल्या. इतक्या वर्षांनी बांध ओलांडून आलेला माणूस परत चालला होता, आणि आता तो कधीच येणार नव्हता, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. हेरंबला तर रडूच फुटायचं बाकी होतं. कोकणची अब्रू गेली खड्ड्यात! तो घोंगड्यांतून ओरडला, "थांबा! शाल मी घेतली!"

गोरोबा थांबले. बलभीमरावांनी जावयाकडं बघितलं. दोघांच्याही डोळ्यांत कौतुक दाटून आलं.

"जावाईबापू, तुमी मधी पडू नका," बलभीमराव म्हणाले. "तुमचं मन मोठं हाय."

"बघ!" गोरोबा कडाडले. "परक्या मुलखातलं लेकरू, अंगात ताप हाय, तरी भांडण मिटावं म्हणून चोरीचा आळ अंगावर घ्यायलंय! अन् तू?"

"अहो, आळ नाही! खरंच घेतली!"

"तापात बडबडायलेत," दगडाबाई कळवळल्या. "कांदा फोडा गं कुणीतरी!"

आता बोलून भागणार नव्हतं. हेरंबनं दोन्ही घोंगड्या फेकल्या, उभा राहिला आणि सासू, चुलतसासू, बायको, कुणाचीही भीड न ठेवता सदरा काढला!

 बगलेपासून कमरेपर्यंत जावई लालभडक होता.

तो शाल सोडायला गेला, तर सुटेना. घामानं आणि आंबिलीनं ती अशी बसली होती की जागची हलेना. बलभीमराव पुढं झाले आणि त्यांनी टोक धरून ओढलं. जमेना. "गोरोबा, धर की जरा," ते सवयीनं म्हणून गेले. कुठल्या काळची सवय ती! गोरोबांनीही सवयीनंच जावयाचे खांदे धरले. एक ओढतोय, दुसरा फिरवतोय, आणि मधे हेरंब भोवऱ्यासारखा गरगर! चुना लावलेले पाच पांडव समोर बसून बघत होते. वस्त्र ओढण्याचा प्रसंग त्यांना नवा नसावा, पण इतका घामट त्यांनीही पाहिला नसेल.

शेवटचा वेढा सुटला आणि हेरंब ढेकळांत बसला.

"थंडी वाजत हुती, तर बोलायचं न्हाय व्हय?" बलभीमराव म्हणाले.

"मला वाटलं," हेरंब पार रडवेला झाला होता, "शाल आहे, नारळ आहे... माझा सत्कार असेल."

 मग गोरोबांच्या पोटातून एक चमत्कारिक आवाज आला. "सत्कार?" ते म्हणाले. "अन् नारळ कुठं हाय? त्यो बी आतच हाय का?"

मग जे हसू फुटलं! गोरोबा हसता हसता बलभीमरावांच्या खांद्यावर रेलले आणि बलभीमरावांनी, ज्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं त्यांनी, डोळे पुसायला गोरोबांचंच उपरणं घेतलं. दगडाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि त्यातच रडत होत्या. वर्षाराणी एवढंच म्हणाली, "मी सगळं सांगितलं होतं, अहो. तुम्ही घोरत होता."

पण कोप अजून उघडीच होती, आणि जावयानं भिजवलेली शाल काही देवीला चालणार नव्हती. बलभीमराव चार पावलं चालत गेले. ढेकळांवर पडलेली गोरोबांची शाल त्यांनी उचलली, झटकली, कपाळाला लावली आणि लक्ष्मीवर घातली. "माझ्या अंगावर नगं," ते म्हणाले. "तुझी हितंच शोभती."  गोरोबांनी पंगतीत आपलं ताट उचलून भावाच्या ताटाला चिकटवून ठेवलं.

जेवणं मोठी झाली. जावयाला मान मिळायचा तो मिळालाच. खरा मान म्हणजे घोंगडी पांघरून, डोक्यावर आंबिलीचं मडकं घेऊन रानाला फेरी घालायची. हेरंबनं ती घातली आणि मागून दोघं भाऊ ज्वारीवर आंबील शिंपडत, एका आवाजात देवाचा पुकारा करत चालले. आपण एक मोडलेलं घर सांधलं, अशा थाटात हेरंब मान ताठ ठेवून चालत होता. मडकं डोक्यावर असल्यामुळं ती ठेवावीच लागत होती म्हणा.

फेरी पुरी व्हायच्या आत बातमी शिवारभर झाली. येळवशीला लोक एकमेकांच्या रानात घास खायला जातातच. त्या दिवशी मात्र सगळ्यांची पावलं बलभीमरावांच्या शेताकडं वळली. जो येईल तो आधी कोपीवरची शाल बघे, मग हेरंबचं पोट. आणि बलभीमराव, ते बोलायला कंजूष बलभीमराव, प्रत्येकाला बोट दाखवून अभिमानानं ओळख करून देत होते, "आमचे जावाई! लक्ष्मीची शाल नेसले ती ह्येच!"

सगळ्यांत शेवटी पलीकडच्या शेतातले शांतलिंग आले. पोक्त, कपाळाला भस्माचे पट्टे, तोंडावरची सुरकुती हलत नव्हती. त्यांनी हेरंबला हात जोडले.

"पुढच्या साली येळवशीला आमच्या रानात यायचं बरं का, पाव्हणं. मान ठिवायचा आमचा."

"येईन की," हेरंब संकोचून म्हणाला.

"याच! आमी कोपीवर शाल घालत न्हाय. सोलापुरी चादर घालताव. लई ऊबदार असती."

आजूबाजूला पुन्हा हशा उसळला. ऊन कलायला लागलं होतं आणि ज्वारीवरून सकाळचाच तो ओळखीचा वारा परत निघाला होता. हेरंबनं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली, बायकोचं लक्ष नाही असं बघितलं, आणि शांतलिंगांच्या कानाशी लागून हळूच विचारलं,

"सिंगल हाय, का डबल?"